पांगाऱ्याचं विमान

आमच्या घरात विमानाचं खूळ शिरलं ते गैरसमजाचं बोट धरून. अण्णांचे एक चुलतभाऊ मुंबईला पुस्तकं बांधणाऱ्याकडे कामाला होते. ते वर्षातून एकदोनदा जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा आमच्याकडे धाडत. अण्णा म्हणजे माझे वडील, चौलच्या मराठी शाळेत मास्तर. इंग्रजी ते आपल्या हिमतीवर शिकले होते, म्हणून ते मोठ्याने वाचत आणि एखादा शब्द अडला की त्याहून मोठ्याने वाचत. एका गठ्ठ्यात घरच्या घरी लहान विमानं कशी करावीत याचं मासिक निघालं आणि अण्णा ओटीवरून गरजले, "बालसा! बालसा पाहिजे! बालसाशिवाय काही खरं नाही!" आत आई तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती आणि मागच्या दारी शेजारची वेणूकाकी ताकासाठी भांडं घेऊन उभी होती. वेणूकाकीला ऐकू आलं 'बाळसं'. संध्याकाळपर्यंत आळीतल्या तीन घरांतून आईसाठी अळीव, डिंक आणि एक जुनं दुपटं आलं. आईने अळीव आणि डिंक ठेवून घेतला, दुपटं परत केलं आणि अण्णांना एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी जरा हळू वाचा."

आमचं घर सुपारीच्या वाडीत होतं. समुद्र दिसत नसे, पण ऐकू येई. पहाटे रहाट सुरू झाला की त्याची कुरकुर दुपारपर्यंत कानात राही आणि मध्येच एखादी सुपारी कौलावर टप्पकन पडे. स्वयंपाकघरात चुलीच्या वर बांबूची एक ताटी टांगलेली असे. तिच्यावर सुके बोंबील, जवळा आणि आंबोशी धुरात सुरक्षित राहत. आईचा सगळा संसार त्या ताटीखाली चाले. आज माझ्या नातीच्या घरी चूल नाही, धूर नाही आणि बोंबील आणायचे म्हटलं तर आधी सोसायटीतल्या चार दारांची मनधरणी करावी लागते. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच असावी.

बालसा हे एक लाकूड असतं, कापसासारखं हलकं, असं त्या मासिकात लिहिलं होतं. अण्णांनी मुंबईच्या एका दुकानाला पत्र टाकलं. उत्तर आलं की ते अमेरिकेच्या जंगलातून येतं, हिंदुस्थानात मिळत नाही, त्याऐवजी आमच्याकडे उत्तम चालण्याच्या काठ्या आहेत. दुसरा कोणी असता तर मासिक मिटून गप्प बसला असता. अण्णांनी ते पत्र रावसाहेबांना दाखवलं.

रावसाहेब म्हणजे आमच्या गावातले निवृत्त मामलेदार. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ही गोष्ट त्यांना कोणी कळवली नसावी. गावात काहीही निघालं तरी अध्यक्ष तेच असत. पत्र वाचून ते म्हणाले, "मास्तर, परदेशी लाकूड नाही हे चांगलंच झालं. आपण देशी लाकडाचं विमान करू. मंडळ काढा." आणि विमानाच्या आधी मंडळ निघालं. नाव 'स्वदेशी विमान मंडळ'. अध्यक्ष रावसाहेब, चिटणीस अण्णा आणि सभासद म्हणून रावसाहेबांचा पुतण्या बंडू. बंडू वीस वर्षांचा होता. तो मॅट्रिकला दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा नुसताच बसला होता.

पहिल्या सभेत रावसाहेबांनी ठरवलं की देशी विमानाला सागवानच शोभेल. "उद्या कोणी म्हणायला नको की चौलकरांनी हलकं लाकूड वापरलं." अण्णांनी चाचरत सांगितलं की हलकंच हवं आहे. रावसाहेब म्हणाले, "हलकं हवं म्हणजे वजनाला. प्रतिष्ठेला नव्हे." मग सुताराकडून सागवानाचं विमान झालं, त्याला तेलपाणी झालं, पोटावर पितळी अक्षरांत मंडळाचं नाव ठोकलं गेलं आणि देवळामागच्या माळावर ते सोडण्यात आलं. बंडूच्या हातून सुटलं ते थेट बंडूच्या पायावर. पंधरा दिवस बंडू लंगडत होता. सभेच्या इतिवृत्तात अण्णांनी लिहिलं, 'विमान मजबूत असल्याचे सिद्ध झाले.' तसं लिहायला अध्यक्षांनी सांगितलं होतं.

त्यानंतर अण्णांनी शास्त्रशुद्ध शोध सुरू केला, म्हणजे आमच्या घराची दैना झाली. वाडीतून, बांधावरून, डोंगराच्या पायथ्यावरून ते लाकडाचे तुकडे आणत. प्रत्येकाचा चार बोटं लांब, दोन बोटं रुंद आणि बोटभर जाड असा ठोकळा करायचा, उन्हात वाळवायचा आणि सोनाराकडून मागून आणलेल्या तराजूत गुंजांनी तोलायचा. तोलायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, सातवीत. वर्गात गणितात पहिली येत असे, पण त्याचा उपयोग काय, हा प्रश्न घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारी. ठोकळे आईच्या डब्यात, फडताळात, देव्हाऱ्यात, कुठेही सापडत. एकदा आमटीत आमसूल म्हणून शेवग्याचा ठोकळा पडला. अण्णांनी तो चावूनही पाहिला आणि म्हणाले, "हं, तंतू लांब आहेत."

शेवग्याचं विमान झालंच. ते हलकं होतं, पण आठ दिवसांत वाळून असं आक्रसलं की एक पंख दुसऱ्याहून आखूड झाला. भेंडाचं केलं, बाशिंग करतात त्या भेंडाचं. ते बंडूच्या चिमटीतच मोडलं. अण्णा डोक्याला हात लावून ओटीवर बसले. तेव्हा आतून आईचा आवाज आला, "यमू, त्यांना म्हणावं, कुठलं लाकूड हलकं नि कुठलं जड, ते चूल फुंकणारीला विचारा."

अण्णा हसले. वाईट नाही हसले, पण हसले. "अगं, हे जळाऊ लाकडाचं काम नव्हे."

मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी जाऊन बसले. आई निखाऱ्यावर बांगडे भाजत होती. मी विचारलं, "सांग ना, कुठलं?" तिने हातातला चिमटा न थांबवता सांगायला सुरुवात केली. "शेवगा हे लाकूडच नव्हे, उभं राहिलेलं पाणी आहे ते. सावर हलकी खरी, पण कधी तोडली ते बघावं लागतं. ओल राहिली तर महिन्यात किडा लागतो आणि खाली पीठ पडतं. उंबर आपल्यात जाळत नाहीत, त्याचं मला ठाऊक नाही. सातविणीचा धूर डोळ्यांना लागतो, पण लाकूड सरळ, तुमच्या शाळेतल्या पाट्यांना घालतात ते. आणि पांगारा. मिरीचे वेल चढवायला वाडीत लावलाय तो. मोळीत पांगारा आला की मी मोळीवालीला परत पाठवते. पेटतो भुर्रकन आणि फोडणी होईस्तोवर राख. भात बापजन्मात शिजायचा नाही त्यावर. हातात घेतला तर वाटतं, काही घेतलंच नाही."

"आणि पंखा कशाचा करायचा? पुढे फिरतो तो?"

तिने आपल्याखालचा पाट थोडा उचलून दाखवला. "हा शिवणीच्या लाकडाचा आहे. लग्नात आला. रोज पाणी लागतं, रोज चुलीची धग लागते. कुठे फट दिसते का बघ."

सोनाराच्या तराजूने आईची बाजू घेतली. पांगाऱ्याचा ठोकळा सागवानाच्या निम्म्यानेही भरला नाही. अडचण एकच होती, आमचा पांगारा ओला होता आणि तो सुकायला पुढचं वर्ष उजाडलं असतं. तीही आईनेच सोडवली. रेवदंड्याची हिराबाय कोळीण एक दिवसाआड आमच्याकडे मासळी घेऊन येई. टोपली खाली ठेवून ती पाणी पीत असताना आईने विचारलं, "हिराबाय, तुमच्या जाळ्याला वर ते लाकडाचे बोये बांधतात, ते कशाचे?"

"पांगाऱ्याचं गो बाय. दुसरा कंचा तरंगल?"

"जुने आहेत का?"

"जुनंच हायत. सासऱ्याचे वक्ताचं. दर्यान भिजलं, उन्हान वाललं, आता त्यात लाकूड ऱ्हायलाच न्हाय, नुसता वारा हाय." ती माझ्याकडे वळली. "पर तुला कशाला व्होवं?"

मी सांगितलं, विमान करायला. हिराबाय हसून हसून उंबऱ्यावर बसली. "अगो, जालं तरंगवतय ता, तुजं इमान का न्हाय तरंगवायचं?" पुढच्या खेपेला तिने बांगड्यांवर ठेवून सहा जुने बोये आणले. वाटीभर आंबोशीखेरीज काही घेतलं नाही.

आईने ते आधी आठ दिवस गोड्या पाण्यात टाकले, रोज पाणी बदललं. मीठ राहिलं तर लाकूड हवेतली ओल ओढतं, हे तिला मिठाच्या बरणीवरून ठाऊक होतं. मग ते चुलीवरच्या ताटीवर चढले, बोंबलांच्या शेजारी. तीन आठवड्यांनी मी त्यांच्या पट्ट्या काढल्या. अण्णांच्या चाकूने, मासिकातलं चित्र समोर ठेवून. फासळ्या बांबूच्या काड्यांच्या, वरून पतंगाचा कागद, तांदळाच्या खळीने चिकटवलेला. पंखा शिवणीचा. आत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या. पंखा उलटा फिरवून त्यांना पीळ द्यायचा आणि सोडायचं. विमान दिसायला सुरेख झालं. त्याला वास मात्र सुक्या बोंबलाचा येत होता. तो काही केल्या गेला नाही.

भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरात मी आणि अण्णांनी ते एका सकाळी सोडलं. ते सुटलं, जरासं खाली आलं, आणि मग कोणी हाताखाली धरून उचलावं तसं वर गेलं. बांधावरून, आमच्या डोक्यावरून वळसा घेऊन हलकेच गवतात उतरलं. अण्णा मोजत होते, बाविसापर्यंत पोचले आणि मोजायचं विसरले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "यमू, तुला मी अलिबागला इंग्रजी शाळेत घालीन. शपथ घेऊन सांगतो." मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "बघू या." आईचं 'बघू या' म्हणजे अण्णांना ती किती ओळखत होती याचा पुरावा होता.

कारण लगेच रावसाहेबांनी मोठा कार्यक्रम ठरवला. मुंबईच्या गोदीतले एक बडे इंजिनिअर पाहुणे म्हणून येणार होते. विमान करणाऱ्या होतकरूला आपल्या कारखान्यात शिकायला घेईन असं त्यांनी कळवलं होतं. सभेत रावसाहेबांनी विचारलं, "कर्ता म्हणून नाव कोणाचं सांगायचं?" मी ओटीच्या दाराआड उभी होते. अण्णा म्हणाले, "खरं म्हणजे आमच्या यमूने..." रावसाहेबांनी हात वर केला. "मास्तर, मुलगी उजवायची आहे तुम्हाला. विमानं करते म्हटल्यावर कोण घेईल? शिवाय ती काय कारखान्यात जाणार? बंडूचं नाव घाला. मंडळ एकच आहे." अण्णांनी टाक दौतीत बुडवला. मग त्यांनी बंडूचं नाव लिहिलं. दारामागून मला टाकाची कुरकुर ऐकू आली. त्या रात्री आईने अण्णांना वाढलं, पण 'अजून हवं का' असं विचारलं नाही. आमच्या घरातलं ते सर्वांत मोठं भांडण होतं.

कार्यक्रमाची जागा रावसाहेबांनीच निवडली, रेवदंड्याची वाळू. खुर्च्या मांडायला सपाट आणि वारा उत्तम. बाजूलाच कोळ्यांचे बोंबील वाळत घातलेले होते, ओळीच्या ओळी, आणि वर घारी घिरट्या घालत होत्या. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. रावसाहेब उपरणं नाकाला लावून अर्धा तास बोलले. बंडूने टोपी सारखी केली, मी आदल्या दिवशी शिकवल्याप्रमाणे पंखा उलटा फिरवून पीळ दिला आणि विमान सोडलं.

ते उडालं. वाळूवरून, खुर्च्यांवरून, समुद्राकडे वळून पुन्हा वर. लोक टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात वरून एक घार आली. तिने एकदा बाजूला येऊन वास घेतल्यासारखं केलं आणि पुढच्या क्षणी दोन्ही पायांत विमान धरून ती कोर्लईच्या डोंगराकडे निघाली. पंखा अजून फिरत होता. बोंबलांजवळ बसलेल्या कोळणी ओरडल्या, "न्हेलान! न्हेलान!" आणि हिराबाय माझ्याकडे बघत पोट धरून हसली. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. दोन्ही एकदम आलं. इतिवृत्तात नोंद झाली, 'विमान दृष्टीआड होईपर्यंत आकाशात राहिले.' मंडळाच्या दप्तरातलं ते एकमेव खरं वाक्य असावं.

इंजिनिअरसाहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी बंडूला विचारलं, "लाकूड कुठलं होतं?"

बंडू म्हणाला, "हलकं, साहेब."

"हो, पण कुठलं?"

"देशी," रावसाहेब मध्ये पडले. "मंडळाचं संशोधन आहे."

अण्णा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वाळूकडे बघितलं. मला विमान गेल्याचं दुःख तितकं नव्हतं. घारीने निदान ज्याचा वास आला ते उचललं होतं.

बंडू मुंबईला गेला आणि महिन्याभरात त्याचं पत्र आलं. तिथे त्याला सर्वांसमोर दुसरं विमान करायला सांगितलं होतं. पत्र घेऊन रावसाहेब स्वतः आमच्या ओटीवर आले. असं कधी झालं नव्हतं. ते बसले, पान लावलं, मग म्हणाले, "मास्तर, ते लाकडाचं नाव तेवढं लिहून द्या."

अण्णा म्हणाले, "मला लाकडातलं कळत नाही, रावसाहेब. घरात विचारावं लागेल."

परक्या पुरुषाशी आई बोलत नसे आणि रावसाहेब परक्या बाईशी. म्हणून मधल्या दारात मला उभं करण्यात आलं. आई दारामागे हातभर अंतरावर होती, दोघांना दोघांचं सगळं ऐकू येत होतं, तरी प्रत्येक वाक्य माझ्यावरून जायला हवं होतं.

"यमू, आईला विचार, लाकूड कुठलं?"

"यमू, त्यांना सांग, ज्याने विमान केलं त्याला ठाऊक असेल."

"आईला सांग, बंडूच्या ध्यानातून गेलं आहे."

"त्यांना सांग, भात रांधणारी तांदूळ कुठला ते विसरत नाही."

रावसाहेबांनी उपरण्याने मान पुसली. "आईला सांग, विमान काय, मंडळाने केलं असं धरू."

"त्यांना विचार, मंडळाला हात किती?"

मी ते विचारलं नाही. मला धीर झाला नाही. मग अण्णा उठले. त्यांचा आवाज वर्गात असतो तसा नव्हता, बारीक होता. "रावसाहेब, विमान हिने केलं. लाकूड हिच्या आईने सांगितलं. वाळूवर मी गप्प राहिलो, ती माझी चूक. इंजिनिअरसाहेबांना मी आजच तसं पत्र लिहिणार आहे. बंडूने लाकडाचं नाव हवं तर त्यांच्याकडून घ्यावं."

"अध्यक्षांच्या सहीशिवाय?" रावसाहेबांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

"सहीशिवाय."

रावसाहेब काठी घेऊन उठले. मंडळ त्या दिवशी बरखास्त झालं, पण त्याचा ठराव लिहायला चिटणीस उरला नव्हता.

अण्णा कागद घेऊन स्वयंपाकघरात आले आणि चुलीपासून थोडं लांब, जमिनीवर बसले. तिथे ते जेवण्याखेरीज कधी बसत नसत. म्हणाले, "सांग." आईने सांगितलं. पांगारा कधी तोडायचा, किती वाळवायचा, सावरीतला किडा, शिवणीचा पाट, सगळं. मध्येच ती म्हणे, "हे लिहू नका, ते इंजिनिअर आहेत, त्यांना ठाऊक असेल," आणि अण्णा म्हणत, "नसेल. सांग." मी तोललेल्या ठोकळ्यांचं कोष्टक खाली जोडलं. ते पुरं झाल्यावर अण्णा टाक थांबवून म्हणाले, "अलिबागचं मी विसरलो नाही, यमू." जूनमध्ये मी खरंच अलिबागला गेले. पुढे तीस वर्षं मुलींना पदार्थविज्ञान शिकवलं आणि घनता हा धडा मी दरवर्षी जरा जास्तच दिवस शिकवत असे, अशी तक्रार होती.

उत्तर आलं ते उन्हाळा लागल्यावर. अण्णा शाळेत गेलेले. मी परीक्षा देऊन घरी होते. टपालवाला आळीच्या तोंडापासून विचारत आला, "अन्नपूर्णाबाई राऊत कोण? अन्नपूर्णाबाई?" लोक त्याला सांगत होते की या नावाचं इथे कोणी राहत नाही, पलीकडच्या आळीत बघा. आईला सगळे राऊत मास्तरांची म्हणत, नाहीतर यमूची आई. अण्णा तिला 'अगं' म्हणत. मागच्या दारी ती कोलंबी सोलत बसली होती. नाव तिच्याही कानावर पडत होतं, पण तिने मान वर केली नाही. माणूस दुसऱ्या कोणाला हाक मारत असला की आपण करतो तसं तिचं काम चाललं होतं. टपालवाला आमच्या बेड्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या फाटकापर्यंत आला, थांबला, पाकीट पुन्हा उलटसुलट करून बघितलं आणि परत वळला.

मी म्हटलं, "आई, तुझं नाव घेतोय तो."

तिने माझ्याकडे बघितलं. मग ताट बाजूला सारून उठली, ओले हात लुगड्याला पुसत अंगणभर चालत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या पुरुषाला मोठ्याने हाक मारली.

"अहो, थांबा. मीच अन्नपूर्णा."